आधीच लिहून आलेलं

९ फेब्रुवारी

ताई,

आणि हे ‘चौथी नोकरी, चौथी नोकरी’ तू बाबांच्या कानाशी जे लावून धरलंयस ते आता पुरे कर. बेकरी मी सोडली नाही, तीच बंद पडली. शीतगृह सोडलं, कारण तिथे माणूस भर उन्हाळ्यात स्वेटर घालून हिंडतो आणि बाहेर आला की आठ दिवस शिंकतो. फर्निचर जोडायचं काम सोडलं ते ह्या नव्या कामासाठी. म्हणजे वैतागून अशी मी एकच नोकरी सोडलीय. हे फोनवर सांगायला गेलो की तू ‘अरे पण’ म्हणून मध्येच तोडतेस. पत्रात तुला तोडता येत नाही, म्हणून लिहितोय. अक्षर सातवीतलं आहे. सातवीनंतर ना मी वाढलो, ना ते.

आता काम काय ते नीट वाच, म्हणजे चार लोकांत ‘तो कुठंतरी काहीतरी करतो’ असं सांगणार नाहीस.

ह्या इमारतीत मी खुर्च्या जोडायला आलो होतो. दाराशी एक यंत्र आहे. आलेल्यानं त्यावर आपली माहिती दाबायची, मग दार उघडतं. मी त्याच्याशी दहा मिनिटं झटापट करत होतो. मागं वळून बघतो तर एक बाई उभ्या. मला वाटलं आता ओरडणार. त्या म्हणाल्या, “थांबू नका हो. अडका अजून थोडं. मी बघतेय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी मला कामावर घेतलं.

वेबसाइटवर अर्ज भरताना कधी कधी सगळा पडदा काळवंडतो, एकच बटण उजळ राहतं आणि शेजारी छोटी चौकट येते, बघितलं असशील. ‘आधी इथे दाबा.’ दाबलं की चौकट उडी मारून पुढच्या जागी. कोपऱ्यात तीनपैकी एक, तीनपैकी दोन असा आकडा. चुकीच्या जागी दाबलं तर ती थरथरते. ह्याला इथे टूर म्हणतात. आमच्या इथली मंडळी ती टूर बनवायचं अवजार बनवतात. म्हणजे कुठल्याही कचेरीला आपली वेबसाइट न उसवता तिच्यावर अशा चौकटी टाचता येतात, जशा शिवलेल्या कपड्यावर टाचण्या. आणि टाचणी कुठे लावायची हे माझ्यावरून ठरतं. समोर स्क्रीन, हातात माऊस. जिथे कळेनासं होईल तिथे मी हात वर करायचा. तिथे चौकट बसते. आम्ही तिघं आहोत: मी, एक शिवणकाम करणारी आणि एक निवृत्त सुतार. न कळण्याचा पगार मिळतो, ताई. शाळेत हेच फुकट करत होतो.

मुद्द्याचं शेवटी. मागच्या महिन्यात आम्ही जी टूर केली ती लायसनच्या नूतनीकरणाची. बाबांना जे ह्या मार्चमध्ये करायचंय तेच. कचेरीचे दोन साहेब स्वतः बघायला आले होते. मी आठ वेळा हात वर केला, आठ जागी चौकटी बसल्या. बाकीच्यांच्या तीन, अशा अकरा. साहेब खूश होऊन गेले. भिंतीला हात फुटले तर भिंतसुद्धा तो अर्ज भरेल. तेव्हा बाबांना म्हणावं, ताईच्या विनवण्या करत बसू नका. स्वतः बसा आणि ‘पुढे’ दाबत जा.

भोवरा


२१ फेब्रुवारी

भोवऱ्या,

तोडता येत नाही म्हणतोस? तुझं पत्र तीन ठिकाणी खाली ठेवून मी ‘अरे पण’ म्हणाले. आणि अक्षर सातवीतलं नाही, पाचवीतलं आहे. सातवीत तू वर्गात असायचास कधी?

पण पत्र बाबांना दिलं ते चुकलंच माझं. तेव्हापासून ते त्यांच्या शर्टाच्या खिशात आहे. बसमध्ये वाचून झालं, थांब्यावर वाचून झालं. कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला तर आता पाठ असेल. लायसनची मुदत एकतीस मार्चला संपते. मी म्हटलं, रविवारी दुकानाला सुट्टी आहे, मी दहा मिनिटांत भरून देते. तर म्हणाले, “पोरानं केलेल्या रस्त्यावरून जायला मला क्लीनर लागत नाही.”

मी औषधांच्या दुकानातून आठला परतले तर लॅपटॉप मिटलेला आणि त्यावर त्यांचा चष्मा ठेवलेला.

“झालं,” म्हणाले.

“काय झालं?”

“अर्ज. शेवटी हिरवी बरोबरची खूण आली. अकरा चौकटी मोजल्या मी. एकही थरथरली नाही.”

एकतीस वर्षं बस चालवणारा माणूस, पण एवढं ताठ बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. लायसन टपालानं येणार आहे. तर ह्यावेळी तुझ्या हातून काहीतरी धड झालं, असं मी लिहून देते. जपून ठेव. पुन्हा मिळणार नाही.

ताई


२ मार्च

ताई,

तुझं पत्र मी बाकीच्या दोघांना दाखवलं. सुतार म्हणाला, बहिणीनं असं लिहून दिलं म्हणजे आता निवृत्त व्हायला हरकत नाही.

बाबांना एकूण किती वेळ लागला? इथे आम्ही अशा गोष्टी विचारतो. कितव्या चौकटीशी थांबले, कुठे परत मागं गेले? आठवी आणि नववीच्या मध्ये एक पान आहे, तिथे चौकट नाही. तिथे काही अडलं का? सहज विचारतोय.

बाई म्हणतात लायसनची टूर आमच्याकडची सगळ्यात सरळ निघाली. भिंतीवर मोठा पडदा आहे. त्यावर कुठल्या पानावर लोक किती वेळ घालवतात त्याचे खांब उभे राहतात. खांब जितका बुटका तितकं काम चांगलं. आमचे सगळे बुटके आहेत.

खोली बदलली. पहिल्या खोलीची खिडकी भिंतीवर उघडायची, हिची जिन्यात उघडते. प्रगती आहे.

भोवरा


१९ मार्च

भोवरा,

लायसन आलं. त्यावर ‘हलके वाहन’ एवढंच लिहिलंय. अवजड काढून टाकलंय. बाबांना आता मोटार चालवता येईल, जी आपल्याकडे नाही. बस चालवता येणार नाही.

सोमवारी कंत्राटदारानं लायसन दोनदा उलटसुलट केलं आणि किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. माणूस वाईट नाही. म्हणाला, “मामा, बस रस्त्यात अडवली तर दंड मला आणि तुरुंग तुम्हाला.” एक बदली ड्रायव्हर घेतलाय. एप्रिलअखेरपर्यंत बाबांची जागा राखून ठेवतो म्हणाला. त्यानंतर बदली कायम.

मी घरी येऊन बाबांना नको ते बोलले. लिहिते, कारण तू कुणाकडून तरी ऐकशीलच.

मी म्हटलं, “समोर लिहिलेलं वाचता येत नाही का तुम्हाला?”

“वाचलं की.”

“मग हलके कशाला निवडलं?”

“मी निवडलं नाही. ते आधीच लिहून आलं होतं.”

“आधीच लिहिलेलं असलं तरी बदलायचं असतं, बाबा! ती नुसती यादी असते. दाबलं की खाली सरकते.”

“कचेरीनं लिहून पाठवलेल्यावर आपण हात लावायचा नसतो,” म्हणाले आणि उठून बूट पुसायला बसले. पुसलेलेच बूट. मी रविवारपर्यंत थांबा म्हटलं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. हेही मी बोलून दाखवलं, दोनदा.

आठवी-नववीचं तू मागच्या पत्रात विचारलं होतंस ते मी बाबांना विचारलं नव्हतं. आता विचारायची सोय राहिली नाही.

ताई


२६ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. ह्यात कचेरीची काही तांत्रिक चूक असण्याची शक्यता आहे. अशा चुका होत असतात. मी इथे चौकशी करतो. तोपर्यंत तुम्ही तिथल्या कचेरीत जाऊन अर्ज द्यावा, सोबत जुन्या लायसनची प्रत जोडावी. बाबांनी प्रकृतीला जपावं. त्यांची चूक नाही असं त्यांना सांग. तूही त्रागा करून घेऊ नकोस.

इकडे सगळं ठीक आहे.

तुझा भाऊ


४ एप्रिल

भोवऱ्या,

हे पत्र कुणी लिहून दिलं तुला? ‘तांत्रिक चूक असण्याची शक्यता’? अख्ख्या पत्रात एक टोमणा नाही. मी बाबांना वाटेल ते बोलले असं कळवलं आणि तू माझ्यावर खेकसला नाहीस. चार वर्षांचा होतास, बरणी फोडलीस आणि आपण होऊन आंघोळीला गेलास, तेव्हा मला जे कळलं होतं तेच हे पत्र वाचून कळलं.

कचेरीत जाऊन आले. खिडकीवरचा बाबू सभ्य होता. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. अर्जदारानं स्वतः ‘हलके’ कायम ठेवून सही केलीय, म्हणजे अवजड आपखुशीनं सोडलं. आता ते नव्यानं मिळवायचं. शिकाऊ लायसन, महिनाभर थांबणं, मग परीक्षा. महिनाभर थांबायचं तर जागा गेलीच. त्या रांगेत माझ्यापुढे दोन ट्रकवाले आणि एक क्रेनवाला होता. तिघांचंही हेच झालंय. क्रेनवाला तर हसत होता. म्हणाला, “बाई, माझी क्रेन आता स्कूटरवर चढवायची.”

बाबा काय करतात ते सांगते. पहाटे साडेपाचला नेहमीसारखे तयार होतात, थांब्यावर जातात आणि स्वतःच्याच बसमध्ये प्रवासी म्हणून बसतात. पहिल्या बाकावर. कारखान्यापर्यंत जातात आणि रिकाम्या बसनं परत येतात. बदलीला काही म्हणत नाहीत. तो गिअर टाकतो तेव्हा ह्यांचा डावा पाय हलतो, असं तोच मला सांगत होता. म्हणाला, “ताई, त्यांना सांगा घरी थांबा. माझ्यानं क्लच दाबवत नाही.”

त्यांची चूक नाही असं तू लिहिलंस. मग कुणाची आहे, ते आता लिही. सरळ लिही.

ताई


११ एप्रिल

ताई,

माझी आहे.

कचेरीचे साहेब आले त्या दिवसाचं मी तुला अर्धंच लिहिलं होतं. आम्हा तिघांच्या खुर्च्या पुढे होत्या आणि मागे सगळे उभे. दोन साहेब, आमचे मालक, बाई, आणि प्रोग्राम लिहिणारी पोरंपोरी रांगेनं. मी हात वर करत होतो, बाई वहीत लिहीत होत्या. एक, दोन, तीन. आठव्यांदा हात वर गेला तेव्हा एक साहेब हळूच म्हणाला, “ह्याला जेवताना तोंड तरी सापडतं का?” हळूच म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. शिवणवाली स्वतःच्या मांडीकडे बघत बसली. मीही हसलो, दुसरं काय करणार.

त्यानंतरचं पान हेच. वर ‘वाहनाचा वर्ग’ आणि खाली एक पट्टी, तिच्यावर ‘हलके’ आधीच लिहिलेलं. मी थांबलो. हे मला विचारतायत की सांगतायत, ते कळेना. पट्टीच्या टोकाला बारीक बाण होता, तो आत्ता माहीत आहे. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की हे कचेरीनं भरलंय. बाबांचं कसं आहे ते तुला माहीत नसेल, कारण तुझे अर्ज तूच भरायचीस. मला शाळेतून काढायचा दाखला आणायला आम्ही दोघं गेलो होतो. कारकुनानं माझी जन्मतारीख चुकीची लिहिली. मी बोट ठेवून दाखवायला गेलो तर बाबांनी माझा हात धरून खाली घेतला. “त्यांनी लिहिलंय ना, राहू दे.” त्या दाखल्यावर मी आजही पाच महिन्यांनी लहान आहे.

हात वर गेला होता, ताई. खांद्यापर्यंत गेला. मग मी त्यानंच डोकं खाजवलं आणि ‘पुढे’ दाबलं. त्यानंतर शेवटपर्यंत एकदाही हात वर केला नाही. शिवणवालीही त्या पानावर थांबली नव्हती, सुतारही नाही. पण त्यांना तिथे प्रश्न आहे हेच दिसलं नव्हतं. मला दिसला होता. आणि त्यासाठीच मला पगार आहे.

तुझं चार तारखेचं पत्र आल्यावर बाईंकडे गेलो. त्या भिंतीवरच्या पडद्यासमोर होत्या. मी म्हटलं, “बाई, लायसनच्या त्या पानावर लोक थांबत नाहीत.”

“दोन सेकंद,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात बुटका खांब. लोण्यासारखं पान आहे ते.”

“थांबायला पाहिजेत पण.”

“का?”

मी सगळं सांगितलं. बाबांचं, ट्रकवाल्यांचं, क्रेनचं. त्यांनी कचेरीच्या माणसाला फोन लावला आणि आकडा मागवला. आधी अवजड असलेले आणि टूरमधून हलके होऊन बाहेर पडलेले किती? अर्ध्या तासानं आकडा आला. चारशे सहा. त्या खाली बसल्या. मी उभाच होतो.

“तुला त्या दिवशी कळलं होतं?”

“अर्धवट.”

“मग हात का नाही केलास?”

“केला होता. मग डोकं खाजवलं.”

मला वाटलं आता तरी हसतील. त्यांनी वही उघडली, त्या दिवसाचं पान काढलं आणि आठव्या आणि नवव्या ओळीच्या मध्ये बारीक अक्षरात लिहिलं: ‘डोकं खाजवलं.’ पुढे तारीख टाकली. मग म्हणाल्या, “साहेबांना तिथे उभं राहू देणं ही चूक माझी. जा, जेवून ये.”

काय करायचं ते त्या करतायत. मला काढणार का ते माहीत नाही. बाबांना हे वाचून दाखव. मला फोनवर सांगता येणार नाही. तू ‘अरे पण’ म्हणालीस तर मी तिथेच थांबेन आणि मग पुढचं राहून जाईल.

भोवरा


२० एप्रिल

चि. भोवऱ्यास,

ताईनं तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच म्हटलं वाच.

मला लिहायची सवय नाही. कामापुरतं लिहितो.

ताईला मी सांगितलं की ते लिहून आलं होतं म्हणून पुढे दाबलं. ते खरं आहे पण पुरतं नाही. मीही त्या पानावर थांबलो होतो. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. हलके वाचलं. हे आपलं नव्हे असं वाटलं. मग म्हटलं, हा रस्ता पोरानं आखलाय. पुढे खड्डा असता तर त्यानं इथे पाटी लावली असती. पाटी नाही म्हणजे खड्डा नाही. आणि पुढे गेलो.

हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. तू विचारलं होतंस मी कुठे थांबलो, त्याचं उत्तर राहिलं होतं.

दाखल्याचं मला आठवत नाही. तू म्हणतोस तर झालं असेल. त्या कारकुनाकडे मी आधी दोन खेपा घातल्या होत्या आणि तिसऱ्या खेपेची रजा नव्हती, एवढं आठवतं.

साहेब हसला म्हणून हात खाली घेतलास. मी तिथे असतो तर मीही घेतला असता. म्हणून तुला काही म्हणत नाही. पण ज्याला हात वर करायचे पैसे मिळतात त्यानं ते करावं. मला बस थांबवायचे पैसे मिळतात. मागचे शिव्या देतात तरी मी रेल्वेच्या फाटकाशी थांबतो.

कचेरीतून माणूस आला होता. महिनाभर थांबायची अट काढली म्हणाला. परीक्षा मात्र द्यावीच लागेल. सहा मे तारीख दिलीय. कंत्राटदाराला सांगितलं, तो दहापर्यंत थांबतो.

मी रोज संध्याकाळी बस बाहेर काढतो. पुढे मागे शिकाऊची लाल पाटी लावलीय. शेजारी बदली बसतो, कारण लायसन त्याचं. तो मला काही शिकवत नाही. काल वळणावर त्याच्या तोंडून “सावकाश, मामा” एवढं निघालं आणि मग त्यानंच माफी मागितली. कारखान्यातले लोक टाळ्या वाजवतात. वाजवू देत.

बाईंना नमस्कार सांग. त्या पानावर पाटी लावली का ते कळव.

बाबा

(पाकीट मी चिकटवतेय म्हणून मागच्या बाजूला लिहिते. परीक्षेची फी अकराशे चाळीस आहे, दर वेळी नव्यानं. पहिल्या फटक्यात फारसं कुणी पास होत नाही म्हणतात. म्हणून लोक खिडकीवर दोन वेळची एकदम भरून ठेवतात, नाहीतर दुसऱ्या खेपेला पुन्हा दोन दिवस रांग. माझा ह्या महिन्याचा पगार घरभाड्यात गेला. दोन वेळची पाठव. बाबांना कळू देऊ नकोस. ‘पोराला वाटतं मी नापास होईन’ असं होईल. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, “कशाची?” खरंच विसरलेत की दाखवत नाहीत, कळत नाही. — ताई)


२७ एप्रिल

बाबा,

पाटी लावली. पंधरा तारखेपासून आहे. तिच्यावर काय लिहायचं ह्यावर बाईंच्या टेबलाशी दोन तास घोळ चालला होता. प्रोग्रामवाल्यांनी लिहिलं, ‘कृपया योग्य पर्याय निवडल्याची खात्री करा.’ मी म्हटलं, हे वाचून बाबा म्हणतील, खात्री केलीच असेल की कचेरीनं. बाईंनी विचारलं, मग तू काय लिहिशील? मी सांगितलं आणि त्यांनी तसंच टाचलं: ‘हे आधीच लिहून आलंय, पण ते तुमचं नसेल. हात लावा, बदलतं.’ आता त्या पानावरचा खांब भिंतीवर सगळ्यात उंच आहे. लोक तिथे चाळीस-चाळीस सेकंद उभे राहतात. मालकांना ते बरं दिसत नाही. बाई म्हणतात, असू दे उंच.

चारशे सहा जणांना कचेरीनं पत्रं पाठवली. सगळ्यांचं थांबणं माफ, परीक्षा कुणालाच माफ नाही. त्या दोन साहेबांनी माझं नाव मागितलं होतं. बाई म्हणाल्या, वहीत फक्त खुर्चीचा नंबर असतो.

मला काढलं नाही, पण त्या खुर्चीतून उठवलं. लायसनचा अर्ज आता मी डोळे मिटून भरतो, म्हणजे मी त्यांच्या उपयोगाचा राहिलो नाही. सध्या नवीन येणाऱ्यांच्या शेजारी बसवलंय. त्यांनी स्क्रीन बघायची आणि मी त्यांचे हात बघायचे. मागे कुणी उभं राहायचं नाही असा नियम केलाय. काल एक माळी आला होता. त्याचा हात गुडघ्यावरून चार बोटं वर उठला आणि परत खाली गेला. मी तेवढं लिहून घेतलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, आणि तीनच महिन्यांचं सांगितलंय. पुढचं पुढे.

तुम्ही त्या पानावर थांबला होतात हे वाचलं. तेवढाच भाग रोज उघडून वाचत होतो, म्हणून हे पत्र तीन दिवस उशिरा निघतंय.

आणखी एक. तुमच्या पत्रामागे ताईनं काहीतरी लिहिलं होतं आणि ते तुम्हाला कळू देऊ नको असंही लिहिलं होतं. पण लपवायचं काम माझ्याच्यानं नीट होत नाही, तिनंच दोनदा पकडलंय. तर ती म्हणते, पहिल्या फटक्यात कुणी पास होत नाही, दोन वेळची फी पाठव. तिचं चुकत नाही. ती दुकानात बसते, सगळ्या गोष्टींची जादा पट्टी ठेवायची तिला सवय आहे. तिच्यावर रागावू नका.

तुमच्या बसमधून मी लहानपणी फाटकापर्यंत कितीतरी वेळा आलोय. शेवटच्या बाकावर उभा राहायचो, काही न धरता. पडलो नाही कधी.

मी एकाच वेळची पाठवतोय. अकराशे चाळीस.

भोवरा